वृत्त, कहाणी आणि पुराण

आत्मचरित्रकार लेखणी हाती घेतो तेव्हा त्याच्या आयुष्यातील बहुतेक प्रश्नांचे निकाल लागून गेलेले असतात. ज्या इच्छेने त्याला वीस-पंचवीस वर्षे ताटकळत ठेवले ती शेवटी फळाला आली की नाही, हे त्याला ठाऊक असते. पुष्कळदा वाचकालाही ते आधीच ठाऊक असते. त्यामुळे चिकाटीची हकिकत सांगणाऱ्या आत्मचरित्रात एक दोष सहज शिरतो. अंती लाभलेल्या यशाचा उजेड मागील काळावर पडतो आणि प्रत्येक अपयश त्या यशाची पायरी म्हणून दिसू लागते. ज्या दिवशी ते अपयश पदरी आले त्या दिवशी पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्या माणसाला काहीच कल्पना नव्हती, ही गोष्ट मागे पडते. वर्षे सरली, वय वाढले, उमेद ओसरली, पुन्हा धरली, हा जो चिकाटीचा खरा अनुभव तो गळून जातो आणि बोध तेवढा शिल्लक राहतो. या प्रकारच्या लेखनाचे वाङ्मयीन मूल्य ठरविताना म्हणूनच एक कसोटी लावणे इष्ट ठरते: लेखकाने विलंबाला त्याचे स्वतःचे वजन दिले आहे काय?

ही कसोटी लावून पाहण्यासाठी मराठीत तीन ग्रंथ एकत्र वाचण्याजोगे आहेत. तिन्हींचा उगम एकाच कुटुंबात आणि एकाच संस्थेच्या परिसरात आहे. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’, त्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची 1928 मधील ‘माझी कहाणी’ आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, यांचे 1944 मधील ‘माझे पुराण’ हे ते तीन ग्रंथ होत. पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर उभा राहिलेला विधवांचा आश्रम तिन्हींच्या मध्यभागी आहे. समाजसुधारणेच्या इतिहासाची साधने म्हणून या ग्रंथांचा उपयोग आजवर पुष्कळ झाला. वाङ्मय म्हणून, आणि तेही परस्परांच्या शेजारी ठेवून, ते क्वचितच वाचले जातात. तसे वाचू लागताच त्यांची शीर्षकेच लक्ष वेधून घेतात. वृत्त, कहाणी आणि पुराण हे मराठीतील कथनाचे तीन निरनिराळे प्रकार आहेत. तिन्हींत काळाची चाल निराळी आहे आणि म्हणून विलंबाचा अर्थही निराळा आहे.

१

वृत्त म्हणजे घडलेल्या गोष्टींचे क्रमवार निवेदन. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते आणि आयुष्यभर लोकांकडून वर्गणी मागून तिचा हिशेब लोकांसमोर ठेवीत आलेले होते. त्यांच्या गद्यावर या दोन्ही व्यवसायांचा ठसा आहे. वाक्ये साधी, अलंकाररहित. स्वतःचे गुण सांगताना संकोच आणि उणिवा सांगताना मात्र मुळीच संकोच नाही. आपला भिडस्त स्वभाव आणि त्यापायी झालेले नुकसान त्यांनी एखाद्या खात्यातील नोंदीप्रमाणे मांडलेले आहे.

या ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग साताऱ्याच्या परीक्षेचा. 1858 मध्ये जन्मलेला, कोकणातील मुरुड गावचा सतरा वर्षांचा हा मुलगा परीक्षेसाठी ऐन पावसाळ्याच्या दिवसांत डोंगर ओलांडून सुमारे 110 मैल पायी जातो, वेळेवर पोहोचतो, आणि वयाने लहान दिसतो या एका कारणावरून त्याला परीक्षेला बसू दिले जात नाही. हा प्रसंग अनेकांनी अनेकदा सांगितला आहे आणि तो सांगताना बहुतेकांनी त्याला ध्येयवादी समारोप जोडला आहे. मूळ हकिकतीचा जोर मात्र तिच्या निष्फळतेत आहे. चाललेले मैल परत मिळत नाहीत. निकाल लागतो तो मुलाच्या तयारीचा नव्हे, त्याच्या चेहऱ्याचा. त्यानंतरही वाट सरळ होत नाही. मॅट्रिकची परीक्षा पार पडते ती 1881 मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, बी. ए. ची पदवी 1884 मध्ये हाती येते. कर्वे या उशिराबद्दल दैवाला दोष देत नाहीत आणि त्याचे उदात्तीकरणही करीत नाहीत. उशीर झाला तो इतका, एवढे सांगून ते पुढे चालू लागतात. वर सांगितलेल्या कसोटीला त्यांचे गद्य येथे पूर्णपणे उतरते.

परंतु ग्रंथ पुढे सरकतो तसतसे विलंबाचे रूप पालटत जाते. तरुणपणी जो बाहेरून लादला गेला तो विलंब प्रौढपणी कर्व्यांच्या कार्यपद्धतीचे अंग बनतो. 1891 मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला; त्याच आनंदीबाई. मुरुडात त्यांच्यावर बहिष्कार पडला. पुनर्विवाहाचा पुरस्कार करणारी मंडळीही त्यांनी त्याच वर्षी स्थापन केली. असा मनुष्य 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी काढतो तेव्हा मात्र पुनर्विवाहाचा प्रश्न आश्रमापासून जाणीवपूर्वक दूर ठेवतो. विधवांना शिक्षण देण्यास जो समाज कसाबसा तयार होता तो त्यांच्या विवाहास तयार नव्हता. दोन इच्छांपैकी एकीला त्यांनी थांबविले, ते दुसरी तगावी म्हणून. स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पनाही अशीच टप्प्याटप्प्याने आकार घेते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आणि 1915 च्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद यांचा योग जुळून येतो आणि 1916 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते विद्यापीठ सुरू करतात. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर होते. कायद्याची मान्यता मिळावयास 1951 साल उजाडावे लागते. चिकाटी म्हणजे एकाच मागणीवर अडून बसणे, ही सामान्य समजूत या चरित्राने खोटी ठरविली आहे. काय मागे ठेवावे हे ज्याला कळते त्यालाच दीर्घ पल्ला गाठता येतो, असा या वृत्ताचा निष्कर्ष आहे.

वृत्ताची मर्यादाही येथेच आहे. मागे ठेवलेल्या गोष्टी कोणाच्या वाट्याला आल्या, याचा तपशील वृत्तात फारसा मावत नाही. हिशेबात रक्कम दिसते. ती कोणाच्या तोंडचा घास काढून आली हे दिसत नाही. हा ‘आत्मवृत्ता’चा अप्रामाणिकपणा नव्हे. कर्वे स्वतःवरचा ठपका लपविणारे लेखक नाहीत. पण संस्थेची वाढ हा ज्या कथनाचा कणा आहे, त्यात घरातील दिवसांना संस्थेच्या तारखांएवढी जागा मिळणे शक्य नव्हते. ती जागा त्याच घरातील दोन स्त्रियांनी स्वतः घेतली.

२

‘कहाणी’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडला की श्रावणातील व्रतांच्या कहाण्या आठवतात. कोणीतरी वसा घेतो, तो सांभाळताना हाल सोसतो आणि शेवटी वसा सुफळ संपूर्ण होतो, असा त्यांचा साचा. विलंब तेथे असतो, पण तो देवाने घेतलेल्या परीक्षेचा असतो आणि परीक्षेचा निकाल आधीच ठरलेला असतो. पार्वतीबाईंनी हे शीर्षक कोणत्या हेतूने निवडले याचा तर्क करण्याचे कारण नाही. त्यांच्या ग्रंथात वसा आहे, हाल आहेत आणि निष्ठाही आहे. संपूर्णता मात्र नाही. या ग्रंथाचा सच्चेपणा तेथेच आहे.

पार्वतीबाईंचा जन्म 1870 चा. अकराव्या वर्षी विवाह आणि विशीत वैधव्य. पदरी एक मुलगा. पुण्यास बहिणीकडे येऊन शिक्षणाला आरंभ केला तेव्हा पंचविशी उलटून गेली होती. पुढे त्या हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात पडल्या आणि त्यासाठी गावोगाव फिरून निधी जमवू लागल्या. हा झाला सार्वजनिक वसा. त्याच्या पोटात एक खाजगी इच्छा त्यांनी वर्षानुवर्षे बाळगली होती. ती इंग्रजी शिकण्याची. ज्या माणसांपुढे आश्रमाची बाजू मांडावयाची त्यांतले कित्येक इंग्रजीतून विचार करणारे. जगात स्त्रियांच्या संस्था कशा चालतात हे समजण्याचा मार्गही इंग्रजीतूनच जाणारा. इच्छेची कारणे अशी व्यवहाराची होती. परंतु वाचकाला हळूहळू जाणवते की, कारणे कितीही दिली तरी ही इच्छा त्यांच्या पलीकडची आहे. अक्षरओळख उशिरा झालेल्या मनाची ती भूक आहे. एक दार उशिरा उघडले म्हणून दुसऱ्या दाराचा ध्यास अधिकच तीव्र झाला.

या इच्छेच्या आड शत्रू कोणीच येत नाही. तिच्या आड येते ते आश्रमाचे काम, म्हणजे त्यांनी स्वतः निवडलेले आणि त्यांना प्रिय असलेले कर्तव्य. अभ्यासाला बसावे तर काम खोळंबते. काम करावे तर अभ्यास मागे पडतो आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते. मराठी आत्मचरित्रांत दारिद्र्य, रूढी, आजार यांच्याशी दिलेले लढे पुष्कळ सापडतात. एका चांगल्या गोष्टीने दुसऱ्या चांगल्या गोष्टीची वाट अडविली, याचे इतके साधे आणि तक्रारविरहित चित्रण विरळा आहे.

केशवपनाच्या बाबतीतही हाच पेच निराळ्या रूपाने येतो. ही रूढी अन्याय्य आहे असे पटल्यानंतरही पार्वतीबाईंनी ती पुष्कळ काळ पाळली, कारण सोवळ्या विधवेला ज्या घरांत प्रवेश होता त्या घरांतून आश्रमाला मुली आणि मदत मिळावयाची होती. शेवटी 1912 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वपन सोडले आणि त्याबद्दलची टीका ऐकून घेतली. मनाने घेतलेला निर्णय आणि देहाने केलेली कृती यांच्यामधला हा काळ ‘माझी कहाणी’त रिकामा सोडलेला नाही. त्याला कोणी भीरुत्व म्हणेल, कोणी धोरण म्हणेल. लेखिका दोन्हींपैकी कशाचाही आधार घेत नाही. तसे वागले आणि नंतर तसे वागणे सोडले, एवढे ती सांगते आणि न्याय वाचकावर सोपविते.

इच्छेचा शेवटचा टप्पा अमेरिकेचा. 1918 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जेमतेम इंग्रजीच्या आधारावर त्या अमेरिकेस गेल्या आणि 1920 मध्ये परतल्या. तेथे उपजीविकेसाठी आणि भाषा कानावर पडावी म्हणून त्यांनी परक्यांच्या घरी घरकाम केले. ज्या स्त्रीने इकडे एका संस्थेचा भार वाहिला होता तिने तिकडे मोलकरणीचे काम पत्करले, ही घटना कोणत्याही लेखकाला भावविवशतेचा मोह घालील अशी आहे. पार्वतीबाईंच्या निवेदनात तो मोह दिसत नाही. काम मिळाले, काम सुटले, एवढे शब्द आले, तेवढे आले नाहीत, अशा बेताने हे निवेदन चालते. शेवटी इंग्रजीवर प्रभुत्व आले असा दावा नाही. शेवट संपूर्ण व्हावा म्हणून लेखिका आपल्या यशाला फुगवटा आणीत नाही, आणि अपुरे राहिले म्हणून सारे आयुष्य वाया गेले असेही सुचवीत नाही.

बंगालीतील रासशुंदरी देवींच्या ‘आमार जीबन’ची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकातील त्या गृहिणीने चैतन्य भागवताचे पान स्वयंपाकघरात लपवून ठेवले आणि कोणाला कळू न देता ती वाचावयास शिकली. तिची इच्छा धर्मग्रंथ वाचण्याची होती आणि ती पुरी झाली. त्या ग्रंथाला म्हणूनच कृतार्थतेचा सूर लाभला आहे. पार्वतीबाईंच्या इच्छेला अशी सीमारेषा नव्हती. परकी भाषा किती आली म्हणजे आली, हे कोण ठरविणार? ज्या इच्छेची पूर्तता मोजता येत नाही तिच्याविषयी लिहिणे अधिक अवघड असते, आणि ‘माझी कहाणी’ने ते अवघड काम केले आहे.

३

‘पुराण’ या शब्दाला मराठीत आदर आणि थट्टा अशा दोन्ही छटा आहेत. देवळात सांगतात तेही पुराण आणि एखाद्याने लांबण लावली म्हणजे ऐकणारा कंटाळून म्हणतो तेही पुराणच. आनंदीबाईंनी आपल्या आठवणींना हे नाव देऊन स्वतःची थोडी थट्टा केली आहे आणि त्याचबरोबर लांबण लावण्याची मुभाही मिळविली आहे. पुराणात आडकथा चालतात. तपशिलाला लहान म्हणून कोणी हाकलून देत नाही.

आनंदीबाई लहानपणी विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईस शारदा सदन काढले तेव्हा तेथे दाखल झालेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. म्हणजे कर्व्यांशी विवाह होण्यापूर्वीच त्यांनी स्वतःच्या जीविताला वळण देणारे पाऊल उचलले होते. ही गोष्ट नजरेआड केली म्हणजे त्या केवळ महापुरुषाची सोशिक सहचारिणी ठरतात. ‘माझे पुराण’ वाचणाऱ्याला तसे म्हणणे कठीण जाते. या ग्रंथातील स्त्री सोसते, पण सोसल्याचे सांगतेही. कर्वे महाविद्यालयातील काम आटोपून पायी हिंगण्याला जातात, मिळकत आश्रमाकडे वळवितात, विम्याची पॉलिसीदेखील आश्रमाच्या स्वाधीन करतात. आणि मुलांच्या दुधाचा, कपड्यांचा, शिक्षणाचा प्रश्न घरात तसाच उभा राहतो. ‘आत्मवृत्ता’त जे त्यागाचे एक कलम आहे ते ‘पुराणा’त कित्येक दिवसांचा संसार होऊन येते.

त्याहून मर्मभेदक गोष्ट आश्रमाशी असलेल्या नात्याची आहे. समाजाचा विरोध वाढू नये म्हणून पुनर्विवाह आश्रमापासून दूर ठेवला गेला, तेव्हा पुनर्विवाहित स्त्रीही दूर राहणे ओघानेच आले. आणि ती स्त्री संस्थापकाची पत्नी होती. एक बहीण सोवळी म्हणून आश्रमात सामावली गेली, दुसरी कुंकू लावणारी म्हणून तिला तेथे अंतर राखावे लागले. कर्व्यांच्या धोरणी विलंबाची किंमत येथे एका माणसाच्या रूपाने समोर येते. ती किंमत अवाजवी होती असा निर्णय देणे सोपे नाही. आश्रम टिकला नसता तर शेकडो स्त्रियांची वाट बंद झाली असती. परंतु किंमत पडली होती, आणि ती देणाऱ्या व्यक्तीने ती बोलून दाखविली, याला वाङ्मयाच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. आनंदीबाईंच्या स्वरात कडवटपणा क्वचित येतो. विनोद वारंवार येतो. पतीच्या कार्याविषयी आदर कायम ठेवून त्याच्या तऱ्हेवाईकपणाला चिमटा काढण्याची ही रीत घरंदाज मराठी बोलण्यातली आहे, आणि त्या बोलण्याची लय ग्रंथात उतरलेली आहे. बांधणी सैल आहे, पुनरुक्ती आहे, काही प्रसंग अर्धवट सुटतात. या उणिवा मान्य करूनही असे म्हणावे लागते की, दीर्घकाळ वाट पाहणे म्हणजे रोजच्या दिवसाला काय असते, हे तिन्ही ग्रंथांत सर्वांत जिवंतपणे ‘माझे पुराण’च सांगते.

४

तीन ग्रंथ असे शेजारी ठेवल्यावर कोणता श्रेष्ठ, असा प्रश्न विचारण्याचा मोह होईल. रचनेची शिस्त ‘आत्मवृत्ता’त अधिक आहे, संभाषणाची गोडी ‘पुराणा’त अधिक आहे. विलंबाची जी कसोटी आरंभी सांगितली तिला मात्र ‘माझी कहाणी’ सर्वांत निःसंदिग्धपणे उतरते. कर्व्यांच्या इच्छांना संस्थांचे रूप मिळाले आणि त्या संस्था वाचकाच्या डोळ्यांपुढे उभ्या असल्यामुळे त्यांचे वृत्त यशाच्या उजेडात वाचले जाणे टळत नाही. शंभरी ओलांडून 1962 मध्ये निवर्तलेल्या आणि 1958 मध्ये भारतरत्न झालेल्या पुरुषाच्या तरुणपणीचे अपयश अपयश म्हणून वाचणे वाचकाला जडच जाते. आनंदीबाईंच्या ग्रंथात प्रतीक्षा आहे. परंतु पुष्कळ वेळा ती दुसऱ्याच्या इच्छेसाठी केलेली आहे. स्वतःची इच्छा, स्वतःचे श्रम आणि अपुरी फलश्रुती ही तिन्ही एकत्र येतात ती पार्वतीबाईंच्या कथनात.

मराठी समीक्षेने या प्रकारच्या लेखनाकडे पाहताना बोधाचा आणि इतिहासाचा असे दोनच चष्मे बहुधा वापरले. बोधाच्या चष्म्यातून साताऱ्याची पायपीट दिसते, पण निष्फळ झालेला दिवस दिसत नाही. इतिहासाच्या चष्म्यातून आश्रम आणि विद्यापीठ दिसते, पण पुन्हा पहिल्या धड्यापासून इंग्रजी सुरू करणारी प्रौढ बाई दिसत नाही. हे नुकसान केवळ वाङ्मयाचे नाही. चिकाटीचे फळ निश्चित असते असे ज्या समाजाला सतत सांगितले जाते, त्या समाजात फळ न मिळालेल्या माणसाकडे चिकाटीच नव्हती असा निष्कर्ष काढण्याची सवय लागते. या तीन ग्रंथांचे एकत्र वाचन त्या सवयीवरचा उतारा आहे. इच्छा पुरी होते, इच्छा दुसऱ्याच्या खांद्यावर पुरी होते, आणि इच्छा अर्ध्यावर राहूनही आयुष्याला अर्थ देते, या तिन्ही गोष्टी एका घरात एकाच काळात खऱ्या होत्या.

कर्व्यांनी 1936 मध्ये आपले चरित्र ‘लुकिंग बॅक’ या नावाने स्वतः इंग्रजीत लिहिले. पार्वतीबाईंच्या ‘कहाणी’चा इंग्रजी अनुवाद त्यापूर्वीच, 1930 मध्ये, न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला होता; तो जस्टिन ॲबट यांनी केलेला होता. जी भाषा मिळविण्यासाठी त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे आणि परदेशातील कष्ट वेचले, त्या भाषेत त्यांची हकिकत पोहोचली ती दुसऱ्याच्या हाताने. मूळ मराठी ग्रंथ वाचून झाल्यावर या घटनेबद्दल हळहळ वाटत नाही. अनुवादकाला अनुवाद करावासा वाटला ते त्या मराठी पानांमुळे. आणि ती पाने लिहिणाऱ्या स्त्रीने मराठी अक्षरेही पंचविशीनंतर गिरविलेली होती.